बहर, पण विषारी

इंग्रजीत 'ब्लूम' म्हणजे फुलणे, बहर. जुन्या चॉकलेटवर येणारा पांढरट थर हाही ब्लूमच; तो दिसायला वाईट, पण खायला निर्धोक. तलावाच्या बाबतीत मात्र या शब्दाच्या गोडव्यावर जाऊ नये. शेतातल्या खतांचा फॉस्फरस वाहून आला आणि पाणी तापले, की सायनोबॅक्टेरिया झपाट्याने वाढतात. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग येतो. हाच 'अल्गल ब्लूम'. नाव शेवाळाचे, प्रत्यक्षात हे जिवाणू!

अमेरिकेतील टोलेडो शहर ईरी सरोवराचे पाणी पिते. ऑगस्ट २०१४ मध्ये तिथल्या नळाच्या पाण्यात यकृताला घातक असे मायक्रोसिस्टिन हे विष आढळले. ४ लाखांहून अधिक लोकांना बजावले गेले : पाणी पिऊ नका, उकळूनही नाही.

शंका आली की पाणी उकळायचे, ही आपली सवय एरवी चांगलीच. पण उकळल्याने जिवाणू मरतात, विष मरत नाही. उलट पेशी फुटून ते पाण्यात उतरते आणि वाफ गेल्याने आणखी तीव्र होते. तलावावर असा तवंग दिसला, तर पोहायला उतरू नये आणि गुरांनाही ते पाणी पाजू नये.