मोटारीचा स्वयंचलित गिअरबॉक्स नादुरुस्त झाल्यास काय करावे?

गावच्या रस्त्यावर ट्रॅक्टर, टेम्पो आणि दुचाकी यांच्या जोडीला अलीकडे क्लचचे पेडल नसलेल्या मोटारीही दिसू लागल्या आहेत. यांतील पुष्कळ गाड्या शहरात वापरून झाल्यावर गावाकडे येतात. मुंबई उपनगर जिल्ह्यातील चारकोपचेच उदाहरण घ्यावे. कांदिवलीच्या पश्चिमेस असलेले हे मूळचे खाडीकाठचे गाव. १९८० नंतरच्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने तेथे लहान भूखंडांची मोठी वसाहत वसविली आणि कोकणातील व देशावरील कितीतरी कुटुंबांनी तेथे बिऱ्हाड केले. तेथील चाकरमान्याने पाचसात वर्षे वापरलेली गाडी पुढे गावाकडील भावाकडे येते, आणि काही दिवसांनी घाट चढताना ती ओढेनाशी होते. गॅरेजवाला सांगतो, “गिअरबॉक्स गेला.” खर्चाचा आकडा ऐकून घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो विकून टाका, दुसरा म्हणतो दुरुस्त करा. वस्तुतः या दोहोंपैकी काहीही ठरविण्याची वेळ अद्याप आलेली नसते. “गिअरबॉक्स गेला” या दोन शब्दांत काही हजारांत सुटणारा दोषही बसतो आणि गाडीच्या निम्म्या किंमतीचा दोषही बसतो. कोणता ते कळेपर्यंत निर्णय थांबविणे इष्ट.

शेतकऱ्याला गिअरचे तंत्र नवीन नाही. चारकोपपासून जवळच, कांदिवलीच्या पूर्वेस, १९६३ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडियाचा कारखाना उभा राहिला आणि १९६५ पासून तेथून बी-२७५ हा ट्रॅक्टर बाहेर पडू लागला. पुढे १९७७ साली ही कंपनी महिंद्र आणि महिंद्र कंपनीत विलीन झाली. अशा ट्रॅक्टरचा हाताने बदलावयाचा गिअरबॉक्स तालुक्याच्या गावचा कुशल फिटर उघडून पुन्हा बसवू शकतो. त्याच विश्वासाने स्वयंचलित गिअरबॉक्सला हात घातला, तर मात्र नुकसान वाढते.

प्रथम आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे ते पाहावे. गाडीच्या पुस्तिकेत ते दिलेले असते. भारतात २०१४ पासून स्वस्त मोटारींत जो प्रकार रूढ झाला, त्यास ‘एएमटी’ म्हणतात. यात आतील गिअर व क्लचप्लेट नेहमीचीच असते, फक्त क्लच दाबण्याचे व गिअर बदलण्याचे काम माणसाऐवजी यंत्र करते. म्हणून यात बिघाड झाला, तर गिअर झिजले असण्यापेक्षा क्लचप्लेट झिजलेली असण्याचा किंवा ते दाबणारे यंत्र बिघडल्याचा संभव अधिक. बॅटरी अशक्त झाली तरीसुद्धा अशी गाडी गिअर घेत नाही. हजारो रुपयांचा अंदाज मान्य करण्यापूर्वी बॅटरी तपासून घेण्यास काहीच हरकत नसावी.

दुसरा प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा. एका बंद डब्यात समोरासमोर दोन पंखे असून इंजिनाने फिरणारा पंखा तेल फेकतो व त्या तेलाच्या जोराने दुसरा फिरतो. पुढील गिअर तेलाच्या दाबाने आवळल्या जाणाऱ्या प्लेटांनी बदलतात. अमेरिकेत १९४० सालच्या ओल्ड्समोबाइल गाड्यांतून हायड्रामॅटिक नावाचा गिअरबॉक्स मोठ्या प्रमाणावर बाजारात आला, त्यातही तेलाच्या दाबाचे हेच तत्त्व होते. तिसरा प्रकार ‘सीव्हीटी’. यात दोन कप्प्यांवर फिरणारा पट्टा असतो. गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये तो रबराचा असून सहज बदलता येतो. मोटारीत तो पोलादी असतो आणि एकदा घसरून कप्प्यांवर ओरखडे पडले की बहुधा सबंध गिअरबॉक्सच बदलावा लागतो. चौथा प्रकार दोन क्लचांचा. तो दाट वाहतुकीत सरकत चालताना तापतो.

येथेच शहरातील गाडीविषयी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. गाडी किती किलोमीटर चालली यावरून तिची झीज मोजण्याची आपली रीत आहे. चारकोपहून अंधेरीकडे लिंक रोडने रोज थांबत-सरकत जाणाऱ्या गाडीच्या क्लचची झीज त्या आकड्यात दिसत नाही. त्याच अंतरात गावाकडील गाडीने क्लच जितक्या वेळा सोडला असेल त्याच्या कितीतरी पट तिने सोडलेला असतो. पुढे हीच गाडी आंबा किंवा फोंडा घाटात चढावर ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर धरून ठेवली, म्हणजे उरलीसुरली प्लेट जळून जाते.

बिघाड दिसताच

इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही. गिअर टाकल्यावर गाडी क्षणभर थबकून मग धक्क्याने निघते. थंड असता नीट चालणारी गाडी तापल्यावर ओढत नाही. गाडीखाली तेलाचे डाग पडतात. यांपैकी काहीही दिसल्यास गाडी तशीच रेटू नये. घसरणारी प्लेट उष्णता उत्पन्न करते, उष्णतेने तेल बिघडते आणि बिघडलेले तेल उरलेल्या प्लेटाही खाते.

गावात याहून मोठे नुकसान होते ते टोचनामुळे. गाडी बंद पडली की ट्रॅक्टरला दोर बांधून ती तालुक्याला ओढत नेण्याची पद्धत आहे. टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समध्ये वंगण फिरविणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून चाके फिरविली, तर आतील भाग कोरडे घासतात. वीस किलोमीटरच्या टोचनाने लहान दोषाचा मोठा दोष होऊ शकतो. गाडी पूर्णपणे उचलून, सपाट तळाच्या वाहनावर न्यावी. ढकलून चालू करण्याचा प्रयत्नही करू नये. अशी गाडी ढकलून सुरू होत नाही.

तपासणी

टॉर्क कन्व्हर्टरच्या व सीव्हीटीच्या गाडीत पहिली तपासणी तेलाची. पातळी पाहण्याची रीत पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणेच अवलंबावी. कित्येक नव्या गाड्यांत त्यासाठी पट्टीच नसते व ते काम कारागिराकडूनच करून घ्यावे लागते. तेल काळपट झाले असून जळका वास येत असेल, तर प्लेटा झिजल्याचा संशय घ्यावा. तळाच्या चुंबकावर बारीक करड्या चिखलासारखा थर असणे स्वाभाविक आहे; धातूचे कण किंवा तुकडे असणे मात्र वाईट. तेल दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे असे समजावे. ते रेडिएटरमधून गेलेले असेल किंवा पुराचे असेल. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा उपनगरांतील असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. त्यानंतरही सखल भागात पाणी साचून गाड्या बुडतातच. शहरातून आलेली गाडी स्वस्त पडली असेल, तर आसनांखालचा गंज व पट्ट्यांवरील चिखलाचे डाग पाहण्यास विसरू नये.

तेल कमी असेल तर कोठून गळते ते शोधून, पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचेच तेल घालावे. सीव्हीटीत दुसरे तेल घालणे हा गाडीचा घात होय. काही ठिकाणी प्रत्येक दुखण्यावर ‘तेल बदला’ हाच उपाय सांगतात. तेल वेळेवर बदलणे योग्यच, परंतु जळलेल्या तेलाच्या जागी नवे ओतल्याने झिजलेली प्लेट भरून येत नाही.

त्यानंतर स्कॅनर लावून गाडीच्या संगणकात नोंदलेले दोष वाचून घ्यावेत. स्कॅनरवरील क्रमांक दोषाची जागा सुचवितो, कोणता भाग बदलावा हे सांगत नाही. तुटलेली तार किंवा गंजलेला जोड यामुळेही तोच क्रमांक येतो. म्हणून क्रमांक पाहताच महाग भाग मागविणारा कारागीर टाळावा.

हिशेब

दोष निश्चित झाल्यावर दोन ठिकाणांहून लेखी अंदाज घ्यावेत : एक कंपनीच्या सेवा केंद्राचा, दुसरा केवळ स्वयंचलित गिअरबॉक्सचेच काम करणाऱ्या कारागिराचा. सेवा केंद्रात बहुधा पूर्ण गिअरबॉक्स बदलण्याचा सल्ला मिळतो. स्वतंत्र कारागीर तोच उघडून झिजलेले भाग बदलतो.

आता असा हिशेब करावा. समजा, गाडी चालू स्थितीत ३ लाख रुपयांना जाईल आणि आहे तशी बंद स्थितीत १ लाख ७० हजारांना. तर दुरुस्तीने गाडीच्या किंमतीत १ लाख ३० हजारांची भर पडते. दुरुस्ती ८० हजारांत होत असेल तर ती करावी. अंदाज दीड लाखाचा असेल, तर गाडी आहे तशी विकणेच बरे. मग आजवर तिच्यावर किती खर्च केला याचा विचार मध्ये आणू नये. तो पैसा दोन्ही मार्गांनी गेलेलाच आहे. मात्र इंजिन, टायर व पत्रा यांची स्थिती आणि नोंदणीची १५ वर्षे संपण्यास किती अवधी आहे, हे अवश्य पाहावे.

कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून वापरलेला गिअरबॉक्स आणून बसविणे हा मधला मार्ग आहे. तो स्वस्त असला तरी आंधळा असतो. मॉडेल, वर्ष व इंजिनाचा प्रकार तंतोतंत जुळला पाहिजे, आणि गिअरबॉक्स बुडालेल्या गाडीचा नसावा. विक्रेता बदलून देण्याची लेखी हमी देत नसेल, तर त्या वाटेस न जावे.

भात व सोयाबीन काढणाऱ्या स्वयंचलित कापणी यंत्रांत तेलाच्या पंपावर चालणारी ‘हायड्रोस्टॅटिक’ चाल असते. यंत्र थंड असता ओढते व तापल्यावर ओढत नाही, असे झाल्यास आधी फिल्टर व तेल पाहावे, मग पंपाच्या झिजेकडे वळावे. येथे हिशेबही वेगळा होतो, कारण हंगामातील बुडालेले दिवस दुरुस्तीच्या खर्चात मिळवावे लागतात. पंधरा दिवसांनी होणाऱ्या स्वस्त दुरुस्तीपेक्षा तीन दिवसांत होणारी महाग दुरुस्ती अशा वेळी परवडते.

काम देताना काढलेले जुने भाग परत मागून घ्यावेत आणि हमीची मुदत पावतीवर लिहून घ्यावी. गाडी हाती आल्यावर वीस-तीस किलोमीटर चालवून, चांगली तापल्यावर एखादा चढ चढवून पाहावा, नंतर रात्रभर खाली स्वच्छ पुठ्ठा अंथरून सकाळी त्यावर डाग पडला आहे काय ते तपासावे. बिलाचा शेवटचा हप्ता त्यानंतर द्यावा, असे काम देतानाच ठरवून घेतलेले असावे.