मेघाकडे सोपवलेली दप्तरे

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यात नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. त्या पाण्याने घरोघरची कागदपत्रेही नेली. कागद एकाच जागी असला, की त्या जागेवरचे संकट तेच त्याचे संकट. म्हणून जुन्या दप्तरांच्या प्रतिमा घेऊन त्यांची एक प्रत दूर ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

अशा दूरच्या कोठारास ‘क्लाउड’ म्हणतात. नाव मेघाचे, वस्तू मात्र जमिनीवरच्या इमारतींतील संगणकांची! ॲमेझॉनचे ‘एस-थ्री’ हे कोठार २००६ साली सुरू झाले, आणि २०१६ पासून त्याची जागा मुंबईतही आहे. भाडे महिन्याचे महिन्याला द्यावे लागते.

हजारो पाने एकेक करून हाताने पाठवू लागलो, तर काल कोठवर आलो होतो हेच आठवत नाही. त्यापेक्षा पायथन भाषेत दहा-बारा ओळींची आज्ञावली, म्हणजे ‘स्क्रिप्ट’, लिहावी. तिचे काम टपालाच्या कारकुनासारखे : फोल्डर उघडायचे, प्रत्येक फाईल उचलायची, तिच्यावर नाव घालायचे व रवाना करायची. मोठ्या फाईलचे तुकडे करून पाठवण्याचे काम ‘बोटो-थ्री’ हे तयार साहित्य परस्पर करते.

मग अडते कोठे? नावापाशी. समजा, वाचनालयाच्या दोन नोंदवह्या आहेत आणि दोहोंतील आरंभीच्या पानास आपण ‘पान-१’ म्हटले. दुसरे पान कोठारात पोचताच पहिले त्याखाली मुकाट्याने नाहीसे होते. कोणी तक्रार करीत नाही. यासाठी नावात वहीचे नावही असावे, आणि कोठारातील ‘व्हर्जनिंग’ची सोय आपण होऊन चालू करावी, म्हणजे जुनी प्रतही राहते. कोठाराची किल्ली आज्ञावलीत लिहून ठेवू नये. आज्ञावली मित्राला दिली, की किल्लीही गेली. शिवाय त्या किल्लीस फाईल ठेवण्याचा अधिकार पुरे, पुसण्याचा नको.

कालिदासाच्या यक्षाने मेघाकरवी निरोप धाडला खरा, पण निरोप धाडला, की पोच घेण्याची व्यवस्थाही हवी. आपण ती करावी. पाठवण्यापूर्वी आज्ञावलीने प्रत्येक फाईलचा ‘चेकसम’, म्हणजे तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, यादीत नोंदवावा. फाईलमध्ये अक्षराइतका बदल झाला तरी ठसा निराळा येतो. दर तीन महिन्यांनी कोठारातील काही फायली परत उतरवून घ्याव्यात, त्यांचे ठसे पुन्हा काढावेत आणि यादीशी ताडून पाहावेत. यादीची एक प्रत मात्र कागदावर, कार्यवाहांच्या घरी असावी.