कोसबाडची टेकडी आणि भातकापणीचं सत्र

डहाणू तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरच्या शाळेचं हजेरीपत्रक भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत सलग वाचलं, तर शिवारात काय चाललंय ते बांधावर न जाता कळतं. गवत कमरेएवढं वाढलं की गुरांमागे जाणारी मुलं गळायला लागतात. हळवं भात पिवळं पडलं की चौथी-पाचवीतल्या मुली दिसेनाशा होतात, कारण आई-बाप कापणीला गेले की तान्ह्याला कडेवर घेणारं घरात दुसरं कुणी नसतं. मग निमगरवं, मग गरवं, मग झोडणी. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडते तेव्हा काही घरांची दारं ओढून घेतलेली असतात. माणसं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली, आणि पोरं त्यांच्यासोबत.

राज्यातल्या शाळांचं पहिलं सत्र जूनच्या मध्यावर सुरू होऊन दिवाळीशी संपतं. त्याचा उत्तरार्ध शहरातल्या शाळांत वर्षातला सगळ्यात गजबजलेला काळ. शिक्षक दिन, भोंडला, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, पहिली संकलित चाचणी आणि शेवटच्या दिवशी आकाशकंदील. डोंगराकडच्या शाळेसाठी मात्र याच आठवड्यांत मूल टिकवायची खरी लढाई असते. ती लढाई मुलाला दोष न देता, त्याच्या आईबापाला न रागावता कशी लढायची, हे ज्या जागी फार पूर्वी करून दाखवलं गेलं ती जागा म्हणजे कोसबाडची टेकडी.

पश्चिम रेल्वेने डहाणू रोड सोडलं की पुढे घोलवड लागतं. एका हाताला बोर्डीचा किनारा आणि सुरूची झाडं, दुसऱ्या हाताला चिकूच्या वाड्या. इथल्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि अख्खा डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून अधिसूचित आहे. वाड्यांमधून आत, चढावर गेलं की कोसबाड. प्रशासकीय पत्ता १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्हा, त्याआधी ठाणे. टेकडीवर कृषी विज्ञान केंद्रही आहे, त्यामुळे शेतकरी या वाटेने सतत येत-जात असतात. आजूबाजूचे पाडे बहुतेक वारल्यांचे. पाऊस ओसरल्यावर उतारावरचं गवत सोनेरी व्हायला लागतं आणि खाली खाचरांत भात वाकतं. ही टेकडी बघायची तर याच दिवसांत बघावी. उन्हाळ्यात आलात तर टेकडी दिसेल, पण इथल्या शाळेपुढचा प्रश्न दिसणार नाही.

तो प्रश्न समजायचा तर १९४५ सालापर्यंत मागे जावं लागतं. या पट्ट्यातली जमीन आणि गवताची कुरणं तेव्हा सावकार-जमीनदारांच्या हातात होती, आणि वारली त्यांच्याकडे वेठ करत होते. किसान सभेच्या कामासाठी गोदावरी परुळेकर इथे आल्या. वेठ नाकारायची आणि गवतकापणीची मजुरी वाढवून घ्यायची म्हणून आदिवासी एकजुटीने उभे राहिले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण मारले गेले. गोदावरीबाईंनी ही सगळी कहाणी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे. गवतकापणीचा हंगाम इथे नुसता शेतीचा हंगाम कधीच नव्हता. दर वर्षी ऑक्टोबरात कुणाच्या तरी हातात विळा येतो, आणि पुष्कळदा तो हात शाळेच्या वयाचा असतो.

त्याच १९४५ मध्ये, त्याच पट्ट्यात, बोर्डीला ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. ताराबाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर, राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य राहिलेल्या, नंतर भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत माँटेसोरी पद्धतीवर काम केलेल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला तो या दोघांच्या पुढाकाराने. पुढे दादरला शिशुविहार चालवलं. शहरातल्या मध्यमवर्गात त्यांचं नाव झालं होतं आणि तिथेच थांबल्या असत्या तरी बालशिक्षणाच्या इतिहासात त्यांची जागा पक्की होती. पण माँटेसोरीची महागडी लाकडी साधनं जिथे पोचूच शकत नाहीत, तिथल्या मुलाचं काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतला. मला त्यांच्या आयुष्यातला हा निर्णय सगळ्यात मोठा वाटतो, १९६२ मध्ये मिळालेल्या पद्मभूषणपेक्षाही.

बोर्डीला त्यांना येऊन मिळाल्या अनुताई वाघ. १७ मार्च १९१०चा जन्म, कोवळ्या वयात लग्न आणि पाठोपाठ वैधव्य. त्यानंतर जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या आणि पुण्यात हुजूरपागेत शिकवत असलेल्या. पगाराची, ओळखीची, सुरक्षित नोकरी सोडून त्या किनाऱ्यावरच्या गावात आल्या आणि परत गेल्या नाहीत. १९५६-५७च्या सुमारास केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांच्या अधिक जवळ आलं. ताराबाई ३१ ऑगस्ट १९७३ला गेल्या. त्यानंतर कामाची धुरा अनुताईंनी वाहिली. २७ सप्टेंबर १९९२ला त्यांचंही निधन झालं. दोघींच्या पुण्यतिथ्या शाळेच्या याच सत्रात येतात.

टेकडीवर काय घडलं? सुरुवातीला मुलं येतच नव्हती. घंटा वाजवून वाट बघण्याऐवजी बाया पाड्यावर जायच्या, मुलांना गोळा करायच्या, आंघोळी घालायच्या, नखं कापायच्या, केस विंचरायच्या. मग त्यांना वाटलं, मूल आपल्या दारात येत नसेल तर आपणच त्याच्या अंगणात बसावं. सारवलेल्या अंगणात, आजीच्या नजरेसमोर, कोंबड्यांच्या मधोमध बालवाडी भरायला लागली. आज देशभर गावोगाव ज्या नावाने ओळखल्या जातात त्या अंगणवाड्यांच्या कल्पनेचं मूळ या अंगणांत आहे. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ला ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली, त्याच्या कितीतरी आधी इथे ते रोजचं काम होतं.

साधनंही टेकडीनेच पुरवली. शंख-शिंपले किनाऱ्यावरून आले. बिया, पानं, फुलं, खडे, माती, बांबूच्या कांड्या आजूबाजूलाच होत्या. लहान-मोठं, जड-हलकं, गुळगुळीत-खरबरीत, एक ते दहा हे सगळं त्यावरच. माँटेसोरीची तत्त्वं तीच राहिली, वस्तू मात्र मुलांच्या हातातल्या झाल्या. गाणी आणि गोष्टीही इथल्याच झाडांच्या, इथल्याच पाखरांच्या. ज्या मुलाला शाळेच्या भिंतीआत एकही ओळखीची गोष्ट सापडत नाही, ते पळून जातं. त्याला हट्टी किंवा मठ्ठ म्हणणं हा अन्याय आहे, हे कोसबाडने वादविवाद न करता दाखवून दिलं.

विकासवाडी हा त्याच्या पुढचा विचार, आणि भातकापणीच्या सत्राचं उत्तर मला त्यातच सापडतं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. ऐकायला ही इमारतींची सोय वाटते. प्रत्यक्षात ती त्या नऊ-दहा वर्षांच्या मुलीची सुटका आहे. भावंडाला कडेवर घेऊनच ती येणार, हे मान्य करायचं. भावंड पाळणाघरात झोपेल, मधलं बालवाडीत खेळेल आणि ती स्वतः पाटी घेऊन वर्गात बसेल. मधल्या सुट्टीत धाकट्याला बघून यायचं आणि पुन्हा गणिताला बसायचं. आजही अंगणवाडी आणि प्राथमिक शाळा कित्येक गावांत वेगवेगळ्या टोकांना, वेगवेगळ्या खात्यांच्या ताब्यात आणि वेगवेगळ्या वेळांना चालतात. अंगणवाडी सुटते आणि ताईची शाळा चालूच असते. कापणीच्या दिवसांत मग ताईच घरी थांबते.

मुलग्यांसाठी तोडगा निघाला कुरणशाळेचा. गुरं राखणारं पोरगं सकाळी जे बाहेर पडतं ते तिन्हीसांजेला परततं. त्याला शाळेत बोलावलं तर गुरं कुणी राखायची? म्हणून शिक्षक कुरणात गेले. गुरं चरायला लागली की पोरं झाडाच्या सावलीत बसायची. बसल्या जागी बिया मोजायच्या, काठीने मातीत अक्षरं काढायची. एखादी गाय भाताकडे वळली की ओळ अर्धी टाकून धावायचं, तिला वळवून आणायचं आणि परत येऊन ओळ पुरी करायची. हा धडा मोडला असं कुणी समजत नव्हतं. गुरं राखणं हे त्या मुलाचं काम आहे आणि शिकणं हा त्याचा हक्क आहे, दोन्ही एकाच झाडाखाली बसू शकतात, एवढा साधा समजूतदारपणा त्यामागे होता. जमीनदारांच्या ज्या कुरणांत त्यांच्या बापांनी वेठीने गवत कापलं होतं, तसल्याच कुरणात मुलं अक्षरं गिरवायला लागली, हा बदल मला कुठल्याही निकालपत्रकापेक्षा मोलाचा वाटतो.

सण हा या सत्राचा दुसरा भाग. भात तयार व्हायला लागलं की पाड्यांवर तारपा वाजतो. वाळवलेला दुध्या, बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा, असं हे वाद्य. वाजवणारा मध्ये आणि नाचणारे हातात हात गुंफून त्याच्याभोवती फिरत, पण त्याच्याकडे पाठ न करता. रात्र सरून जाते तरी फेर मोडत नाही. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते. वाघदेवाची पूजा, नव्या तांदळाचं अन्न, पानात वाफवलेली काकडीची भाकर. डहाणू तालुक्यातलेच वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी हा फेर तांदळाच्या पांढऱ्या रंगात जगभर नेला आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. रात्रभर फेर धरलेलं मूल दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगतं, किंवा येतच नाही. तालुक्यातल्या चांगल्या शिक्षकांना हे ठाऊक असतं, आणि ते त्या आठवड्यात चित्रकलेच्या तासाला तारप्याचा फेरच काढायला सांगतात. फेरात किती जण, प्रत्येकी दोन पाय तर पाय किती, असं गणितही त्यातूनच निघतं.

अनुताईंनी हे काम एका टेकडीपुरतं ठेवलं नाही. १९८२ मध्ये त्यांनी प्रा. रमेश पानसे यांच्यासोबत ‘ग्राममंगल’ ही संस्था उभी केली, आणि डहाणू तालुक्यातल्याच डाभोण, ऐने इथे बालशिक्षणाचं काम पुढे सरकलं. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे पुस्तक अध्यापक विद्यालयांतल्या मुलामुलींनी परीक्षेसाठी नव्हे, नोकरीच्या पहिल्या वर्षी वाचावं असं मला मनापासून वाटतं.

टेकडीवरचा विचार आज किती उपयोगी आहे, हे या तालुक्याला नोव्हेंबर २०१८ मध्ये पुन्हा कळलं. डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि महिनोन्‌महिने थांबेनात. पक्क्या भिंतींचीच भीती वाटायला लागली. कित्येक शाळांचे वर्ग उघड्यावर, तंबूत भरवावे लागले. अंगण, झाड आणि मैदान ही शाळा असू शकते, हे इथल्या जुन्या शिक्षकांना नव्याने सांगावं लागलं नसणार.

वीटभट्टीचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. भट्टीवरच्या झोपडीला भोंगा म्हणतात. तिथल्या मुलांसाठी विधायक संसद या संस्थेने चालवलेल्या भोंगाशाळा ही कुरणशाळेच्या जातीचीच कल्पना. मूल जिथे आहे तिथे शाळा न्यायची. स्थलांतर करणाऱ्या मुलासोबत शिक्षण हमी कार्ड देण्याची पद्धत राज्यात आहे. कार्ड घेऊन आलेल्या मुलाला भट्टीजवळच्या शाळेने त्याच दिवशी वर्गात बसवलं तरच त्या कार्डाला अर्थ.

कायदा तर याहून पुढे गेलेला आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९मध्ये स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांचा शाळाप्रवेश ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी ठरवली आहे. शाळेचं वार्षिक वेळापत्रक ठरवण्याचं कामही त्याच कलमाने त्याच प्राधिकरणाकडे दिलं आहे. डहाणू, जव्हार, मोखाड्यातल्या शाळांना हळव्या भाताच्या कापणीला आठ दिवस सुट्टी देता येईल आणि ते दिवस उन्हाळ्यात भरून काढता येतील. सत्र परीक्षा कापणीच्या ऐन आठवड्यात न घेता पुढे-मागे करता येईल. वाघबारशीला पाड्यावरची शाळा बंद आणि शहरातली चालू राहिली तर कुणाचं काही बिघडत नाही. भट्ट्यांवर जाणाऱ्या कुटुंबांची यादी दिवाळीनंतर नव्हे, दसऱ्याआधी करायला हवी. पाड्यावरचा प्रत्येक शिक्षक ती यादी तोंडपाठ सांगू शकतो. त्याला विचारायला पालघरहून कुणीतरी सप्टेंबरात निघायला हवं, आणि जाता जाता घोलवडला उतरून कोसबाडची टेकडी चढायला हवी.