बादलीभर पाणी

मृग लागायच्या आधीचे पंधरा दिवस खाणीवर खनिजापेक्षा गाळाची घाई असते. डिचोली तालुक्यातल्या एका लोहखनिजाच्या खाणीवर मी काही पावसाळे काढले. मे संपता संपता पोकलेन गाळाच्या तळ्यांत उतरायचं आणि गेल्या वर्षीचा लाल लगदा उपसायचं. त्याच वेळी आमचे फोरमन मामा डंपच्या, म्हणजे फेकलेल्या मातीच्या ढिगाच्या, एकेका टप्प्यावर जाऊन बादलीभर पाणी ओतत. पाणी डोंगराकडे वळलं तर पुढे जायचं. कडेकडे धावलं तर तिथेच चुन्याची खूण करून ग्रेडर बोलवायचा.

गोव्यात एक टन खनिजामागे दोन-तीन टन माती फेकावी लागते. वर जांभा, खाली साबणासारखी बुळबुळीत पिवळी-गुलाबी चिकणमाती. ट्रकमधून नुसती ओतलेली माती जेमतेम सदतीस अंशांवर तोल सांभाळून उभी राहते. म्हणून टप्पे पाडून एकूण उतार 28 अंशांच्या आत आणतात. पण टप्पा बाहेरच्या बाजूला जरासा कलला, तरी सगळी मेहनत वाया. पाणी कडेवरून एका जागी उतरतं, बोटभर ओघळ पडते आणि आठवड्यात त्याच ओघळीत माणूस कमरेपर्यंत बुडतो. टप्पा आत कललेला असेल तर तेच पाणी आतल्या गटारात जातं आणि जांभ्याच्या दगडांच्या पायऱ्यांवरून आपटत, वेग गमावत खाली येतं.

आकडा मनात ठेवल्याशिवाय हे काम कळत नाही. एका हेक्टरवर एक सेंटिमीटर पाऊस म्हणजे एक लाख लिटर पाणी. दहा हेक्टरच्या डंपवर दिवसात 100 मिलिमीटर पडला की एक कोटी लिटर. इथे वर्षाला सरासरी 3,000 मिलिमीटरच्या आसपास पडतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत.

खाली गाळाची तळी असतात, एकापुढे एक. लोकांचा भरवसा त्यांच्यावर; माझा कधीच बसला नाही. तळ्याच्या तोंडचं पाणी मी काचेच्या बाटलीत भरून खिडकीत ठेवत असे. बारीक वाळू बघता बघता तळाला जाते. चिकणमातीचा कण मात्र दोन मायक्रॉनचा असला, तर निश्चल पाण्यातही मीटरभर खाली जायला त्याला तीन दिवस लागतात. जुलैच्या झडीत तळ्यातलं पाणी तीन दिवस थांबतं कुठे? म्हणूनच माती सुटायच्या आधी, वरच धरायला हवी.

धरते ती मुळं. पूर्वी सरसकट ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली जायची. ती भराभर वाढते, दुरून डोंगर हिरवा दिसतो. पण जवळ जाऊन वाळका पाचोळा पायाने बाजूला सारला की खाली बरेचदा उघडी माती. मला वाळा आवडतो. काथ्याची जाळी अंथरून तिच्यात ठोंब रोवले, तर दोन-तीन वर्षांत जाळी कुजते, तोवर वाळ्याच्या मुळांनी माती घट्ट आवळलेली असते.

2012 च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने गोव्यातलं खाणकाम थांबलं. डंप तिथेच राहिले. खाण बंद झाली म्हणून पाऊस थांबत नाही, आणि गटार उपसायला रोज माणूस लागतोच.

खाण बंद होण्याच्या आधीच्या एका जूनमधली गोष्ट. तिसऱ्या टप्प्याची तपासणी राहिली होती. अंधार पडत आला होता. ‘‘साहेब, तेवढी एक बादली बघून घेऊ या,’’ मामा म्हणाले. मी ‘उद्या’ म्हटलं. रात्री पाऊस कोसळला. सकाळी तळी तुडुंब, बांध फुटलेला आणि पायथ्याच्या सरद, म्हणजे पावसाळी पिकाच्या, शेतात नुकत्याच लावलेल्या भातावर लाल थर. शेतकरी काका माझ्यावर ओरडले नाहीत. त्यांनी एक रोप उपटलं, ओहोळात धुतलं आणि माझ्या हातात दिलं. चार दिवस आम्ही हातांनी चिखल काढत होतो. उन्हाची तिरीप आली की वरचा थर खापरीसारखा कडक व्हायचा. तो उचलला की रोपही त्याच्याबरोबर हातात यायचं.