साखळी आणि मागचे चाक

सायकलीची साखळी ऐन वेळी उतरली, की आपण साखळीला दोष देतो. ती पुन्हा दात्यांवर चढवतो, हात पुसतो आणि पुढे निघतो. थोड्याच वेळात ती पुन्हा उतरते. अशा वेळी दोष पुष्कळदा एकट्या साखळीचा नसतो. मागचे चाक आपल्या योग्य जागी नसते. चाकाची जागा आणि साखळीची लांबी यांचे नाते इतके निकट आहे, की एकीत बदल झाला म्हणजे दुसरीकडेही लक्ष द्यावे लागते.

हे नाते बी.एम.एक्स. सायकलीत स्पष्ट दिसते. सुमारे १९७० साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील मुले मोटारसायकलींच्या शर्यतींचे अनुकरण करीत मातीच्या उंचसखल वाटांवरून सायकली पळवू लागली. त्या खेळातून ही सायकल निर्माण झाली. २००८ साली बीजिंग येथील ऑलिंपिक सामन्यांत या शर्यतीला स्थान मिळाले. हिची चाके बहुधा २० इंच व्यासाची असतात. गिअरच्या अनेक सायकलींत साखळीचा ढिलेपणा ओढून घेणारा स्प्रिंगचा दांडा असतो. येथे तो नसतो. म्हणून साखळी ताठ ठेवण्याचे काम मागच्या चाकालाच करावे लागते. आपल्याकडील साधी, बिनगिअरची सायकलही याच जातीची होय.

अशा सायकलीच्या सांगाड्याला मागे, दोन्ही बाजूंस, एकेक लांबट खाच असते. चाकाचा आस त्या खाचांत बसतो व नटांनी आवळला जातो. नट सैल केले, की चाक खाचेत मागेपुढे सरकते. मागे सरकवले तर साखळी ताणली जाते, पुढे सरकवले तर ती सैल पडते.

आता साखळीकडे पाहू. तिच्यात एक रुंद व एक अरुंद अशा कड्या आळीपाळीने गुंफलेल्या असतात. एका खिळीपासून पुढच्या खिळीपर्यंतचे अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. दोन अरुंद कड्या एकमेकींना जोडता येत नाहीत. म्हणून साखळी कमी करताना रुंद व अरुंद अशी जोडी काढावी लागते. अर्थात साखळी एक इंचाने आखूड होते. मग चाक किती पुढे येईल? एक इंच, असे उत्तर चटकन तोंडी येते. पण ते चूक आहे. साखळी दोन दातेरी चक्रांमधून एकदा वरून जाते व एकदा खालून परत येते. कमी झालेला इंच या दोन्ही बाजूंत वाटला जातो आणि चाक सुमारे अर्धा इंचच पुढे येते. याहून बारीक फरक हवा असेल, तर एक टोक रुंद व दुसरे अरुंद असलेली एकेरी कडी वापरतात. तिने साखळीत अर्ध्या इंचाचा आणि चाकाच्या जागेत पाव इंचाचा फरक पडतो.

चाक मागे असले, की दोन चाकांतील अंतर वाढते व सायकल वेगात स्थिर राहते. ते पुढे असले, की सायकल चपळपणे वळते व तिचे पुढचे चाक सहज उचलता येते. स्वार आपल्या गरजेप्रमाणे चाकाची जागा ठरवतो आणि त्या जागेला शोभेल एवढी साखळी ठेवतो.

चाक बसवताना घाई करू नये. दोन्ही नट सैल करून चाक मागे ओढावे. प्रथम साखळीच्या बाजूचा नट बेताने आवळावा, मग टायर सांगाड्याच्या बरोबर मध्यभागी आणून दुसरा नट आवळावा. नंतर पायडल सावकाश फिरवावे. दातेरी चक्रे क्वचितच अगदी गोल असतात. त्यामुळे साखळी कोठे अधिक ताठ, तर कोठे सैल भासते. ती सर्वांत ताठ असेल तेथे थांबून मध्यावर बोटाने वरखाली हलवून पाहावी. एकंदर अर्धा इंच हलली तर ताण योग्य समजावा. शेवटी दोन्ही नट पक्के करावेत आणि ब्रेक तपासावेत. कारण चाक सरकले म्हणजे ब्रेकचे रबर धावेवर पूर्वीच्या ठिकाणी टेकेलच असे नाही. साखळी फिरत असताना तिच्याजवळ बोट मुळीच नेऊ नये. कड्या काढण्याचे काम जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली करावे.

साखळी फार ताठ असेल, तर पायडल जड चालते व आसाचे छर्रे लवकर झिजतात. ती फार सैल असेल, तर धोका मोठा. उभे राहून जोराने पायडल मारताना ती निसटली, तर पायाखालचा आधार नाहीसा होतो आणि स्वार पुढे फेकला जातो. काही सायकलींत पायडल उलटे दाबून ब्रेक लावतात. त्यांची साखळी उतारावर निसटली, तर तो ब्रेकही निकामी होतो.

सायकल वर्षानुवर्षे चालली, की साखळी लांबते. तिचे लोखंड ताणले जाते असे नव्हे. प्रत्येक खीळ आपल्या घरात किंचित झिजते, आणि अशा अनेक झिजा मिळून लांबी वाढते. नव्या साखळीच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. जुनीच्या तेवढ्याच कड्या १२ इंच व एक अष्टमांश इंच भरल्या, तर चाक मागे ओढत बसण्यापेक्षा साखळी बदलणे शहाणपणाचे ठरते. नटाचा एक फेरा आणि पट्टीने घेतलेले एक माप ही कामे दिसायला लहान आहेत. पण उतारावरून वेगाने जाणाऱ्या स्वाराचा जीव त्यांच्याच भरवशावर असतो.