नळ बंद करणारा मानसतज्ज्ञ

बुलढाणा जिल्ह्यात नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार, हे घरातल्या लहान पोरालाही पाठ असतं. त्या दिवशी पिंप, हंडे, बादल्या, जे हाताला लागेल ते भरून ठेवायचं आणि पुढची पाळी येईपर्यंत पुरवायचं. अशा घरात समजा एक सून आहे आणि तिचे हात धुऊन होतच नाहीत. चपलेला बोट लागलं, धुतले. धुताना तोटीला हात लागला, पुन्हा धुतले. नीट धुतले की नाही असा संशय आला, आणखी एकदा. पिंप अर्ध्यावर आलं की घरात आवाज चढतो, ‘काहून एवढं पाणी सांडून राह्यली?’ तिला तरी कुठे धुवायचं असतं? बोटांची सालं निघालेली असतात, डोळे भरून आलेले असतात, आणि मन म्हणत असतं, अजून एकदाच.

हा ओसीडी. मराठीत मंत्रचळ. नको असलेला विचार किंवा संशय पुन्हा पुन्हा मनात घुसतो आणि त्याने उठलेली भीती शमवायला माणूस तीच ती कृती करत राहतो. धुणं, तपासणं, मोजणं, मनातल्या मनात जप करणं, दुसऱ्याला विचारणं. शंभरातल्या एक ते तीन माणसांना आयुष्यात केव्हा ना केव्हा हा आजार गाठतो. 2011 च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या 25 लाख 86 हजारांच्या आसपास होती. शंभरात एकच धरला, तरी या एका जिल्ह्यात पंचवीस हजारांवर माणसं होतात. त्यातली बरीचशी मोरीत, देव्हाऱ्यापुढे, कुलपापाशी एकटीच झगडत असतात. काही जण उपचारापर्यंत पोचतात, पण योग्य माणसाकडेच पोचतील याची खात्री नसते. योग्य माणूस कोणता, हे कळायला साठ वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये जावं लागतं.

व्हिक्टर मेयर हे तिथल्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये मानसतज्ज्ञ होते. त्या काळी हा आजार जवळपास असाध्य मानला जाई. वर्षानुवर्षं मनोविश्लेषण चाले, कुणाकुणाच्या मेंदूवर शस्त्रक्रियाही होत. मेयर यांच्यापुढे एक शाळामास्तरीण आली. घाणीच्या धास्तीने तिचा दिवस धुण्यापुसण्यात संपायचा. मेयर यांना प्राण्यांवरचे प्रयोग ठाऊक होते. एखाद्या जागी झटका बसलेला प्राणी ती जागा टाळतो. धोका टळला तरी टाळतच राहतो, कारण धोका टळलाय हे कळायला त्या जागी थांबावं लागतं आणि तो थांबतच नाही. मेयर यांनी ठरवलं, या बाईला थांबवू. तिला ज्या वस्तूंची शिसारी यायची त्या हाताळायला लावल्या आणि तिच्या खोलीचे नळ बंद केले. परिचारिका सोबतीला राहिल्या, धुण्याची ऊर्मी आली की बोलण्यात गुंतवून, समजावून तिला सावरत राहिल्या. ती हळूहळू सावरली. दुसऱ्या रुग्णाच्या मनात देवाविषयी ओंगळ विचार येत. तिच्याही बाबतीत हाच मार्ग कामी आला. 1966 मध्ये मेयर यांनी या दोघींची हकीकत छापली आणि 1974 मध्ये सहकाऱ्यांसह 15 रुग्णांची. त्यातल्या बहुतेकांना चांगला उतार पडला होता. आज या उपचाराला ईआरपी म्हणतात. भीतीला सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही. ओसीडीसाठी बोलून-करून द्यायच्या उपचारांत याच्याइतका पारखून घेतलेला दुसरा उपचार नाही.

इथे बुलढाण्याच्या माणसाला एक प्रश्न पडायला हवा. नळ बंद करून आजार जात असेल, तर आपल्याकडे तो उरलाच कसा? आपले नळ तर आठ-आठ दिवस बंद असतात!

या प्रश्नाच्या उत्तरात सगळी खुबी आहे. टंचाईत पाणी संपतं, भीती संपत नाही. पाणी नाही म्हणून ती सून हात पदराला पुसते, कोपराने कडी उघडते, चपलांच्या कोपऱ्याकडे फिरकतच नाही, मुलाला जवळ घेत नाही, सासूला दहादा विचारते, ‘माझा हात लागला नाही ना?’ आणि मनात हिशोब ठेवते की उद्या नळ आला की हे सगळं धुऊन काढू. धुणं नुसतं पुढे ढकललं जातं. मेंदूला जे शिकायला हवं ते शिकायची वेळच येत नाही. हात तसेच ठेवले, मूल कडेवर घेतलं, त्याच हातांनी भाकरी थापली आणि काहीही आक्रीत घडलं नाही, हा तो धडा. तो परिस्थितीने लादून मिळत नाही. माणसाने स्वतः कबूल होऊन, ठरवून घ्यावा लागतो, आणि पळवाटा बुजवायला शेजारी जाणतं कुणी लागतं. मानसतज्ज्ञाची गरज नेमकी इथे लागते.

चांगला तज्ज्ञ पहिल्याच दिवशी चपलेला हात लावायला सांगत नाही. आधी रुग्णासोबत बसून भीतीची उतरंड लिहितो. दाराची कडी, 0 ते 100 मध्ये भीती किती? तीस. दुसऱ्याने वापरलेला टॉवेल? पन्नास. चपलेचा तळ? नव्वद. मग तिसापासून सुरुवात. ती कडीला हात लावते. हात तसाच गालाला, पदराला, पाण्याच्या तांब्याला लावते. भीती उसळते. आता ती वाढतच जाईल, मी सहन करू शकणार नाही, असं वाटतं. तज्ज्ञ धीर देतो, पण ‘काही होणार नाही, काळजी करू नका’ असं म्हणत नाही. थोड्या थोड्या वेळाने एवढंच विचारतो, ‘आता किती?’ बहुतेकदा आकडा आपला आपण खाली येतो. न्हाणीत न जाता, कुणी खात्री न देता. एखादे दिवशी तो खाली येतही नाही, तरी ती त्या भीतीसकट स्वयंपाक करते आणि तेही चालतं, हे तिला कळतं. मिशेल क्रॅस्क यांच्यासारख्या संशोधकांच्या मते हे दुसरं शिकणं जास्त मोलाचं. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवी आठवण घट्ट होत जाते.

लॉस एंजेलिसच्या लुईस बॅक्स्टर यांनी या शिकण्याचा माग थेट मेंदूत काढला. 1992 मध्ये त्यांच्या गटाने ओसीडीच्या रुग्णांचे पेट स्कॅन छापले, उपचाराआधीचे आणि उपचारानंतरचे. काहींना फ्लुऑक्सेटिनच्या गोळ्या दिल्या होत्या, काहींना गोळीविना केवळ वर्तनोपचार. कपाळामागचा मेंदू आणि खोलवरची कॉडेट नावाची गाठ यांच्यात या आजारात धोक्याच्या निरोपांची अखंड ये-जा चाललेली असते. ज्यांना उतार पडला त्यांच्या उजव्या कॉडेटची ही धावपळ मंदावली होती. गोळीने बरे झालेल्यांची आणि दाराच्या कडीला हात लावून थांबलेल्यांचीही! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढे सरकू शकलो नाही. न धुतलेला हात मेंदूची काम करण्याची रीत बदलतो.

आता हा तज्ज्ञ ओळखायचा कसा? अडचण अशी की ओसीडीत चुकीचा उपचारकही प्रेमळच असतो. तो आपुलकीने ऐकतो आणि दर आठवड्याला सांगतो, ‘अहो, तुम्ही चांगल्या आहात, असं काही होणार नाही.’ घरी जाईपर्यंत हलकं वाटतं, रात्री संशय नव्या जोमाने परत येतो. खाजवलेल्या खरजेसारखं आहे हे, तेवढ्यापुरतं बरं आणि मग दुप्पट. दुसरा कुणी सांगतो की विचार आला की तो झटकून टाका, मनगटावर रबर ओढा. विचार दाबला की तो जास्तच उसळतो. तिसरा बालपण उकरत बसतो. त्यातून माणूस स्वतःला समजतो, पण कुलूप तपासणं थांबत नाही.

विचार येणं हा मुळात दोषच नाही. 1978 मध्ये स्टॅन्ली रॅकमन आणि पद्मल डी सिल्वा यांनी दाखवलं की असले विचित्र, हिंसक, ओंगळ विचार निरोगी माणसांपैकी बहुतेकांना येतात. 2014 मध्ये सहा खंडांतल्या 13 देशांतल्या विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा सुमारे 94 टक्क्यांनी गेल्या तीन महिन्यांत असा विचार आल्याचं सांगितलं. विळीवर भाजी चिरताना, बाळ शेजारी निजलेलं असताना, बाळंतिणीच्या मनात एखादा भयंकर विचार चमकून जातो. बहुतेक आया शहारतात आणि विसरतात. ओसीडी असलेली आई विळी माळ्यावर टाकते, बाळाजवळ एकटी राहायला घाबरते, आपण राक्षसीण आहोत असं समजते. ज्याने ओसीडी पाहिलेला नाही असा उपचारक हे ऐकून हादरतो आणि त्याच्या चेहऱ्यावरची ती भीती त्या आईला आपण खरंच राक्षसीण आहोत हे पटायला पुरेशी होते. जाणता तज्ज्ञ नीट विचारपूस करून खरा धोका आहे की नाही हे पारखतो. मग शांतपणे विळी पुन्हा ओट्यापाशी आणायची तयारी करून घेतो.

बुलढाण्यात श्रद्धेचा विषय टाळून चालत नाही. पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर हिंदू-मुसलमान दोघंही मनाने आजारलेल्या माणसाला घेऊन जातात. होळीच्या सुमारास मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते. थकलेल्या कुटुंबाला तिथे कुणी हसत नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पण ओसीडीत उतारा हीसुद्धा एक खात्रीच ठरते. चार दिवस बरे जातात आणि मग संशय विचारतो, नीट उतरवलं होतं ना? आणि कुठल्याही मानसिक रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधणं हे 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने निषिद्ध आहे, मग जागा कोणतीही असो.

श्रद्धाळू रुग्णाला भीती असते की तज्ज्ञ देवच सोडायला लावेल. चांगला तज्ज्ञ तसं करत नाही. शेगावच्या भक्ताचं उदाहरण घ्या. ‘गजानन विजय’ ग्रंथाचं पारायण म्हणजे 21 अध्याय. एखादा उच्चार चुकला म्हणून, किंवा वाचताना मनात शिवी आली म्हणून, कुणी पुन्हा पहिल्या ओवीपासून सुरू करतो, आणि पारायण कधीच पुरं होत नाही. तज्ज्ञ म्हणेल, पोथी वाचा, इतर भक्त वाचतात तशी. चुकलं तर पुढे जा, शिवी आली तर ती येऊ दे आणि पुढची ओवी वाचा. वजू करताना तोच पाय पुन्हा पुन्हा धुणाऱ्यालाही हेच सांगतात. गरज वाटली तर तज्ज्ञ घरच्या गुरुजींना किंवा मौलवींना विचारून साधी रीत कोणती ते ठरवून घेतो.

म्हणून तज्ज्ञ निवडताना पहिल्या फोनवरच विचारावं. ओसीडीचे रुग्ण तुम्ही नेहमी पाहता का? ईआरपी करता का, आणि प्रत्यक्षात कसं? सत्रात माझ्यासोबत सराव कराल, की फक्त बोलणार? घरच्यांना बोलावणार का? यात भीड धरू नये. काम येणाऱ्याला हे प्रश्न आवडतात आणि तो उदाहरण देऊन सांगतो. ‘आपण बोलून मार्ग काढू’ एवढंच मोघम उत्तर आलं, तर दुसरा नंबर फिरवावा. घरच्यांबद्दलचा प्रश्न तर सोडूच नये. ‘हो बाई, लागलं कुलूप’ असं दिवसातून वीसदा सांगणारा नवरा नकळत आजाराच्या बाजूने उभा असतो. ते उत्तर एकदम न तोडता कसं कमी करत न्यायचं, हे त्यालाही शिकवावं लागतं.

पाट्या वाचताना एवढं ध्यानात ठेवावं. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट, तो डॉक्टर असतो आणि गोळ्या देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नुसत्या ‘काउन्सेलर’ या पाटीवरून शिक्षणाचा अंदाज येत नाही. गोळ्यांना कमी लेखू नये. फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवॉक्सामिन यांसारखी औषधं ओसीडीत अनेकदा उदासीनतेपेक्षा जास्त मात्रेत लागतात आणि पुरा परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे जातात. तिसऱ्या आठवड्यात ‘गुण नाही’ म्हणून गोळी सोडणाऱ्यांचं मला फार वाईट वाटतं. आजार जोरात असेल तर गोळी आणि ईआरपी दोन्ही लागतात.

सुरुवात जिल्हा रुग्णालयापासून करता येते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या रचनेत मानसोपचारतज्ज्ञासोबत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचीही जागा असते. त्यापुढे अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ईआरपी जाणणारं माणूस जवळ नसेल तर मोबाइलवरचं सत्र कमअस्सल समजू नये. ओसीडीचा मुक्काम बहुतांशी घरातच असतो. दवाखान्याच्या स्वच्छ खोलीत जी भीती दिसत नाही, ती व्हिडिओ कॉलवर तुमच्याच मोरीत, तुमच्याच गॅसच्या बटणापाशी तज्ज्ञाला दिसते आणि सरावही तिथेच होतो. खामगावची शिक्षिका पुण्यातल्या तज्ज्ञासमोर, फोन फळीला टेकवून, दाराची कडी धरून उभी राहू शकते.

दवाखाना गाठायलाच संकोच वाटत असेल, तर केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. क्रमांक 14416, दिवसरात्र, मराठीतही. फोन लागल्यावर आजाराचं नाव सांगता आलं नाही तरी हरकत नाही. धुण्यात किंवा तपासण्यात रोज किती वेळ जातो, कोणत्या वस्तू, जागा किंवा माणसं टाळता, आणि घरच्यांना पुन्हा पुन्हा काय विचारता, हे सांगायचं. मग विचारायचं, आमच्या भागात किंवा फोनवर, मराठीत ईआरपी करणारं कोण आहे?