बोट लागते, म्हणजे काय?

आपल्याकडे देवरीहून गोंदियाला किंवा नागपूरला निघालेल्या माणसाला पोटात कसेसे होऊ लागले, की तो म्हणतो, "मला गाडी लागते." कोकणातला म्हातारा माणूस मात्र अजूनही म्हणतो, "मला बोट लागते." दुखणे एकच. पण ज्या मुलखात जे वाहन, तेच तिथल्या माणसाच्या बोलण्यात बसते. कोकणच्या लोकांचा रस्ता एके काळी समुद्रातून जात होता, म्हणून त्यांच्या तोंडी बोट राहिली.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही धानाच्या बांधीतली माणसे, समुद्र आमच्यापासून किती लांब! नागपूर-रायपूर महामार्ग आमच्या दारातून जातो, मग बोटीची गोष्ट आम्हाला कशाला? श्रोतेहो, ती आपल्या किती कामाची आहे, ते शेवटी सांगतो. आधी बोट पाहू.

कोकणपट्टी नकाशावर पाहिली, तर एका बाजूला सह्याद्री आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, असा तो एक चिंचोळा पट्टा आहे. डोंगरातून उतरणाऱ्या नद्या समुद्राला मिळतात, तिथे भरतीचे पाणी आत शिरून खाड्या झाल्या आहेत. पूल नसताना दर खाडीशी रस्ता तुटायचा. म्हणून मुंबईला जायचे तर समुद्राने जायचे, हेच सोयीचे. १८४५ साली सुरू झालेल्या बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी या किनाऱ्यावर पुष्कळ वर्षे चालत होत्या. लोक त्या कंपनीला शेफर्ड कंपनी म्हणत. मुंबईहून निघून दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत बोट दक्षिणेकडे जाई. गिरणीत काम करणारा चाकरमानी, त्याची ट्रंक, आंब्याच्या पेट्या, टपालाच्या थैल्या, सगळे तिच्यातच.

पण बोट बंदराला लागली म्हणजे माणूस किनाऱ्यावर उतरला, असे नव्हे बरे का! पुष्कळ बंदरांत मोठी बोट धक्क्याला लागेल इतके खोल पाणीच नव्हते. ती दूर समुद्रात उभी राही आणि किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे मोठी होडी, तिच्याजवळ येई. लाटेबरोबर पडाव वर चढे, खाली जाई. तो वर आला, की नेमक्या त्या क्षणी खलाशी हात देई आणि प्रवाशाने पाऊल टाकायचे. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया, सगळे असेच उतरत. ज्याला समुद्र ठाऊक आहे अशा माणसाच्या हातावर विश्वास ठेवायचा, एवढेच प्रवाशाच्या हाती असे.

पावसाळा आला, की समुद्र खवळे आणि लांबच्या बोटी बंद होत. मोसम पुन्हा सुरू होईपर्यंत गाव मुंबईपासून तुटल्यासारखे होई. आपल्याकडे रोवणीच्या दिवसांत नाल्याला पूर येऊन एखाद्या गावाचा रस्ता बंद होतो ना, तसेच. फक्त ते दोन दिवसांचे नसून महिनोन्‌महिन्यांचे.

पुढे पूल झाले, एस. टी. गावोगाव पोहोचली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई-गोवा ही नेहमीची बोटसेवा बंद पडली. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वेचा सगळा मार्ग खुला झाला. जुनी माणसे बोटीची आठवण काढतात, डेकवर अंथरूण टाकून चांदण्यात केलेल्या प्रवासाचे वर्णन करतात. ते खरेच आहे. पण आठवण गोड असली, म्हणून सारा प्रवास गोड होता असे समजू नये.

१९२७ सालच्या ११ नोव्हेंबरला वादळात सापडून 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. आणि १७ जुलै १९४७ या दिवशी, स्वातंत्र्य महिन्यावर आले असताना, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वाटेतच उलटली. रेवस म्हणजे काही लांबचे बंदर नव्हे, मुंबईसमोरच्या किनाऱ्यावरचे. तरीही सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते. बोट सकाळी बुडाली, पण मुंबईत ती बातमी पोहोचायला दिवस कलला. जे वाचले, त्यांतल्या कित्येकांना रेवसकडच्या कोळी बांधवांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले.

बोट उलटते कशी, हे आपल्या शिक्षक बंधुभगिनींना वर्गात सहज दाखवता येईल. पाण्याने भरलेल्या घमेल्यात एक खोलगट वाटी तरंगत सोडा. तिच्या तळाशी सारख्या अंतरावर खडे ठेवा. वाटी थोडी खाली जाईल, पण स्थिर राहील. आता तेच खडे एका काठाला सरकवा. खडे वाढले नाहीत, वजन वाढले नाही, तरी वाटी कलते, काठावरून पाणी आत शिरते, आणि एकदा पाणी शिरले की तेही त्याच बाजूला धावते. मग वाटी बुडायला वेळ लागत नाही. 'रामदास'वर लाटेचे पाणी आत आल्यावर घाबरलेले लोक एका बाजूला धावले, असे वाचलेल्या माणसांनी सांगितले. जे वाटीत खड्यांचे, तेच बोटीत माणसांचे.

दुसरी गोष्ट उंचीची. तणसाची गाडी उंच भरली, की बांधावरून जाताना कलंडते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. नावेत सगळी माणसे उभी राहिली, म्हणजे ती तणसाची उंच गाडीच झाली. बसलेली माणसे नावेला स्थिर ठेवतात, उभी राहिलेली तिला डळमळीत करतात.

तिसरी गोष्ट ओझ्याची. इंग्लंडात सॅम्युएल प्लिमसोल नावाच्या लोकसभासदाने फार वर्षे झगडून १८७६ साली कायदा करवून घेतला, की प्रत्येक मालवाहू जहाजाच्या बाजूवर एक रेघ असावी. ती रेघ पाण्याखाली गेली, की आणखी माल भरायचा नाही. रेघ रंगवायला पैसे किती लागतात? पण तेवढ्यासाठीही माणसाला भांडावे लागले, कारण एक पोते जास्त भरले तर एका पोत्याचे भाडे जास्त मिळते!

हा सगळा जुना इतिहास झाला, असे समजू नका. बोटी आजही चालतात. दाभोळच्या खाडीत २००३ सालापासून दाभोळ-धोपावे अशी मोटारी नेणारी फेरीबोट सुरू झाली आणि खाडीला घालावा लागणारा लांबचा वळसा वाचला. २०२० च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यापासून मांडव्याला मोटारींसह जाणारी मोठी बोट सुरू झाली. गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लहान लाँचेस मात्र पावसाळ्यात बंदच असतात. आणि १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेवरून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची वेगवान नाव आदळली. पंधरा जणांचे प्राण गेले. धडकेचे कारण निराळे होते. पण बोटीत परवान्यापेक्षा जास्त माणसे होती आणि सर्वांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते, हे त्या वेळी उघड झाले. 'रामदास'ला सत्त्याहत्तर वर्षे झाली होती, श्रोतेहो!

बोटीवर जगणारे लोक जगात अन्यत्रही आहेत. ब्रिटनच्या उत्तरेला स्कॉटलंड आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर कितीतरी बेटे आहेत आणि तिथल्या माणसाला दवाखाना, बाजार, कॉलेज, साऱ्यासाठी बोट लागते. तिथल्या सरकारने २००८ साली काही बेटांसाठी एक हिशेब लावून पाहिला आणि पुढे तो बाकीच्या मार्गांनाही लागू केला. हिशेब असा, की तितकेच अंतर रस्त्याने गेले असता जो खर्च येईल, त्या मानाने बोटीचे भाडे ठरवायचे. म्हणजे बोट ही चैन नव्हे, तो बेटावरच्या माणसाचा रस्ताच आहे, हे त्यांनी मान्य केले. अडचणी त्यांनाही आहेत. एका मोठ्या बोटीचे काम २०१५ साली दिले, ती २०१८ ला यायची होती, ती प्रवाशांसाठी निघाली २०२५ च्या जानेवारीत! तोवर जुन्या बोटी नादुरुस्त झाल्या, की फेरी रद्द आणि बेटावरचा माणूस धक्क्यावर बसलेला.

आता आपल्या घरी येऊ. चिचगडकडच्या डोंगरात उगम पावणारी आपली वाघ नदी पुढे वैनगंगेला मिळते. शिरपूरला तिच्यावर धरण आहे. या नद्यांवर, तलावांवर, धरणांच्या पाण्यावर डोंगा चालतो. कुणी मासोळीसाठी जातो, कुणी पलीकडच्या शेतात, कुणी पाहुणा म्हणून. २३ जानेवारी २०२४ ला गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली. पलीकडे मिरची तोडायला निघालेल्या मजूर बाया तिच्यात होत्या. त्यांतल्या काही घरी परतल्या नाहीत. मुंबईच्या समुद्रात जे घडले, तेच आपल्या नदीत घडले. पाणी खारे की गोडे, हे नावेला कळत नाही.

म्हणून ज्या गावात डोंग्याने जाणे-येणे आहे, तिथे चार गोष्टी कराव्या. डोंग्यात किती माणसे बसायची, ते ग्रामसभेत ठरवावे आणि तो आकडा घाटावर ठळक लिहावा. डोंग्याच्या बाजूला रंगाची रेघ ओढावी; ती पाण्याखाली गेली, की पुढचा माणूस दुसऱ्या खेपेला. सगळ्यांनी बसून जावे, नाव थांबेपर्यंत उठू नये. आणि लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर असावे, कोपऱ्यात टांगलेले नव्हे. २०२१ साली देशांतर्गत जलमार्गांच्या नावांसाठी नवा कायदा झाला आहे. बिनयंत्राच्या नावांचीही नोंद व्हावी, अशी तरतूद त्यात आहे. आपल्या गावच्या नावेची नोंद झाली आहे काय, हे ग्रामपंचायतीत विचारायला कुणाची भीती नाही.

डोंगा वल्हवणाऱ्या माणसावर सगळा दोष ढकलू नका. 'थांब' म्हणणारा नावाडी लोकांना आवडत नाही. सकाळी कामाची घाई असते, मजुरी बुडेल म्हणून आपणच म्हणतो, "अरे, आणखी दोघी बसतील!" तो 'नाही' म्हणाला, तर त्याच्या बाजूने उभे राहणारे गाव हवे. एका खेपेची मजुरी बुडाली तर ती पुन्हा मिळवता येते.

पुढच्या वेळी गाडीत बसून पोटात ढवळू लागले, की कोकणच्या माणसाची बोट आठवा. आणि नदीकाठी डोंग्यात पाय टाकण्याआधी आत बसलेली माणसे मोजा. लहान पोर जवळ असेल, तर त्यालाच मोजायला सांगा. त्याचा हिशेबही पक्का होईल.